लाटणं होत आलं की पटाशी झटका का मारते? लाकडाच्या लेथवरचा नेहमीचा त्रास

लाकूड गोल झालं, मधला फुगवटा निघाला, एका बाजूची मूठ पण झाली, आणि दुसऱ्या मुठीच्या गळ्यापाशी पटाशी नेली की फाट्कन आवाज येतो, हाताला हिसका बसतो आणि लाकडावर एक तर आट्यासारखी फिरत गेलेली रेघ किंवा सरळ खड्डाच. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनवर, नवीन हात बसवून राह्यलेल्या जवळपास प्रत्येकाचं हेच रडगाणं. कारणं पण ठरलेली, बाभळीत गाठ होती, लोहाराने पटाशीला पाणी नीट दिलं नाही, लाइट कमी होती. एखाद्या वेळी ते खरं असतं, पण तोच झटका निंबात बसतो, सागात बसतो आणि बांधावरच्या सुबाभळीत पण बसतो, म्हणजे लाकडाला शिव्या घालून उपयोग नाही भो. धार लाकडाला नेमकी कुठे टेकली आणि त्या जागी तिला मागून टेकू होता का, सगळं त्याच्यावर आहे.

लेथवर लाकूड आपल्याकडे तोंड करून वरून खाली येत असतं. पटाशी टूल रेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या लोखंडी टेकूवर टेकलेली, तिची धार लाकडात, आणि धारेच्या मागचा घासलेला उतार, म्हणजे बेव्हल, तो लाकडाच्या अंगावर घासत चाललेला, असं असलं तर धार ठरलेल्या जाडीपेक्षा जास्त आत जाऊच शकत नाही, बेव्हल तिला वर धरून ठेवतो. बेव्हल सुटला की धार मोकळी झाली, लाकूड तिला स्वतःकडे आणि खाली ओढतं, ती जितकी आत जाते तितकं जास्त ओढतं, आणि हे सगळं इतक्या पटकन होतं की हाताने आवरायचा प्रश्नच नाही. म्हणून 'घट्ट धरा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. घट्ट धरणाऱ्याचा झटका जास्त जोरात बसतो कारण त्याच्या हाताला बेव्हल सुटलेला कळतच नाही.

आपल्याकडे यात एक वेगळीच भानगड आहे. जळगाव एमआयडीसीत, भुसावळ-वरणगावकडे, आयटीआयला टर्नर ट्रेड केलेली पोरं आणि रिटायर झालेले काका लोक भरपूर आहेत, आणि लाकडाच्या लेथकडे वळणारे बरेच जण यातलेच. मशीन त्यांना तोंडपाठ असतं, सेंटर लावणं, अलाइनमेंट, बेअरिंगचा आवाज ओळखणं यात त्यांना शिकवायची कोणाची टाप नाही. पण लोखंडाच्या लेथवर टूल पोस्टमध्ये, म्हणजे टूलच्या पकडीत आवळलेलं असतं, टीप बरोबर सेंटरच्या, म्हणजे कामाच्या मध्यरेषेच्या उंचीला, आणि टूलचा मागचा भाग कामाला घासला तर ती चूक धरतात, त्यासाठी मुद्दाम क्लिअरन्स अँगल ठेवतात. लाकडावर उलटं, इथे घासलंच पाहिजे. ती सवय घेऊन माणूस पटाशी आडवी, सरळ सेंटरला धरतो आणि रेटतो. लाकूड खरवडून निघतं, भुसा पडतो, काम होतंय असं पण वाटतं, आणि बारीक गळ्यापाशी गेलं की दणका. तुमच्या मशीनखाली लांब ढलप्या न पडता नुसती पूड पडत असेल तर तुम्ही कापत नाही, खरवडताय, एवढं समजून घ्या.

आता झटका बसला की पहिलं काम म्हणजे मशीन बंद करून लाकडावरची खूण बघायची. लोक चिडून लगेच ती खूण कापून काढायला जातात आणि काय झालं त्याचा पुरावाच घालवतात.

खूण जर आट्यासारखी असेल, म्हणजे जिथे कापत होता तिथून सुरू होऊन फिरत फिरत दुसरीकडे पळालेली, तर पटाशी घसरली. हे जास्त करून गोल पटाशीने, म्हणजे गाऊजने खाच सुरू करताना होतं. नाळ, म्हणजे गाऊजची पन्हळ, आकाशाकडे ठेवून तुम्ही टोक टेकवलं, टेकताना बेव्हलला बसायला जागाच नव्हती कारण अजून खाच तयारच झालेली नाही, मग लाकडाने तिला बाजूला फेकलं. उपाय असा की सुरुवातीला गाऊज कुशीवर झोपवायचा, नाळेचं तोंड खाचेच्या मध्याकडे, मूठ थोडी वर, आणि नुसत्या टोकाने आत शिरायचं. एक बारीकशी कड तयार झाली की बेव्हल तिच्यावर बसतो, मग गाऊज हळूहळू उलगडत खाली यायचं, तळाशी पोचेपर्यंत नाळ वर झालेली असते. आणि तळाला थांबायचं. तळ ओलांडून समोरच्या चढावर जायचा मोह होतो, तिथे हमखास दुसरा झटका. लांब लाकडावर काप नेहमी जाड्याकडून बारक्याकडे, उताराला. दुसरी बाजू दुसऱ्या बाजूने.

खूण जर एकाच जागी खोल असेल, तुकडा उपटून निघाल्यासारखी, आणि पटाशी रेस्टवर दाण्कन आपटल्याचं आठवत असेल, तर ती तिरक्या पटाशीची करामत. तिरकी पटाशी म्हणजे स्क्यू, तिला एक लांब टोक आणि एक आखूड टोक. लाकूड गुळगुळीत करताना लांब टोक वर असतं, आणि कापायचं ते धारेच्या मधल्या भागापासून आखूड टोकापर्यंतच्या पट्ट्यात. लाकूड जरा वर सरकलं, म्हणजे धारेच्या वरच्या अर्ध्यात गेलं, की लांब टोक शिवतं आणि खेळ खल्लास, कारण त्या टोकाखाली टेकू काहीच नाही. टोकाने व्ही खाच पाडताना कापायचं फक्त टोकाने, बाकीची धार खाचेच्या भिंतीपासून केसभर लांब झुकलेली पाहिजे. पूर्ण धार भिंतीला चिकटली की संपलं.

आणि तिसरी खूण, तिला झटका म्हणूच नका. पूर्ण लांबीवर एकसारखी, दोरीला पीळ असतो तशी नक्षी उमटते आणि काम करताना घर्र असा आवाज येतो. ती थरथर आहे. लाटण्यासारखं लांब बारीक काम, १५ इंच लांब आणि सव्वा इंच जाड म्हटलं तरी लांबी जाडीच्या १२ पट झाली, आणि साधारण १० पटीच्या पुढे गेलं की लाकूड मधे धनुष्यासारखं वाकून धारेपासून पळायला लागतं. बरेच जण यावर टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं उजवं टोक दाबून धरणारा भाग, अजून आवळतात. त्याने लाकूड जास्तच वाकतं. टेलस्टॉक जरा ढिला करायचा, पटाशीला धार करायची, काप बारीक घ्यायचा आणि डाव्या हाताची बोटं लाकडाच्या मागून हलकेच लावून आधार द्यायचा, अंगठा पटाशीवर. बोटं चटका बसेल इतकी तापली तर समजायचं की दाब जास्त होतोय. एक करता येतं, मधला भाग आधी करून घ्यायचा आणि मुठी शेवटी, कारण मुठी आधी बारीक केल्या की मधल्या भागाला आधार राहत नाही.

खूण कळली, कारण कळलं, तरी हात काही ऐकत नाही, त्याच्यासाठी एक सराव सांगतो, याला लाइट पण लागत नाही. सुबाभळीची किंवा निंबाची ओली फांदी, दीड-दोन इंच जाड, सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकांच्या मधे लावून आधी गोल करून घ्या. मग मशीन बंद, प्लग काढलेला. स्क्यूच्या धारेचा वरचा अर्धा भाग काळ्या मार्करने रंगवून टाका. पटाशी आधी रेस्टवर टेकवा, मग बेव्हल लाकडाच्या माथ्यावर ठेवा, धार हवेत असली पाहिजे, काही कापलं नाही पाहिजे. डाव्या हाताने लाकूड आपल्याकडे फिरवा आणि उजव्या हाताने मूठ अगदी हळू वर उचलत जा. एका क्षणी धार लाकडाला भेटते आणि कागदासारखी पातळ ढलपी वळायला लागते. तिथे थांबा. मूठ पाव इंच खाली, ढलपी बंद. पाव इंच वर, चालू. हा जो हाताला कळणारा फरक आहे तोच सगळं आहे, तो मशीन चालू असताना शिकता येत नाही कारण भीतीने लक्ष भलतीकडे असतं. ढलपी पटाशीच्या रंगवलेल्या भागावरून निघाली तर लगेच दिसतं की तुम्ही वर गेलात. आठ-दहा दिवस रोज थोडं हे करा, मग मशीन चालू करा. क्रम तोच, रेस्ट, बेव्हल, मग धार. फिरत्या लाकडाला आधी धार लावून मग रेस्टवर टेकवणारे लोक बोटं चेपून घेतात.

मशीन चालू करून सराव करायचा तर अजून एक युक्ती, हेडस्टॉकला, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या बाजूला, चार दातांचा स्पर काढून साधा कप सेंटर लावा, म्हणजे मधे टोक आणि भोवती गोल कड, दात नाहीत. ओळखीच्या टर्नरला एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या रॉडमधून करून मागा, मोर्स टेपर, म्हणजे हेडस्टॉकच्या भोकात बसणारा निमुळता भाग, बरोबर बसवून देईल. टेलस्टॉक बेताचा आवळला की झटका बसल्यावर लाकूड नुसतं थांबतं, मोटर फिरत राहते, पटाशी उडत नाही. भीती गेली की निम्मे झटके आपोआप जातात, माझं तरी हे ठाम मत आहे.

आता मशीनकडे. आपल्याकडे बहुतेकांचं लेथ फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवलेलं असतं, चॅनलचा बेड, दोन पिलो ब्लॉक बेअरिंग, पंपाची नाहीतर कूलरची नाही तर चक्कीची जुनी मोटर, (कूलरची असेल तर सोडून द्या, ती लाकूड गोल पण करणार नाही). या मशीनमध्ये सगळ्यात वाईट भाग असतो टूल रेस्ट. अँगल कापून आडवा वेल्ड केलेला, वरची बाजू रुंद, त्यामुळे पटाशी टेकते मागच्या कडेवर आणि धार तिथून दोन-अडीच इंच पुढे लोंबते. टेकूपासून धार जितकी लांब तितका लाकडाचा जोर तुमच्या मनगटावर जास्त, एक इंचाचं दोन इंच झालं की दुप्पट. त्या अँगलच्या पुढच्या कडेवर १० किंवा १२ एमएमचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल सळई, वेल्ड करून घ्या, पटाशी एकाच रेषेवर टेकेल आणि सरकेल पण मस्त. रेस्ट लाकडापासून पाच-सहा एमएमवर पाहिजे, आणि लाकूड बारीक होत गेलं की मशीन बंद करून परत जवळ सरकवायची. लाटण्याच्या गळ्यापाशीच झटका का, याचं निम्मं उत्तर इथे आहे, तिथे लाकूड बारीक झालेलं असतं आणि रेस्ट जिथल्या तिथे. उंची स्क्यूसाठी सेंटरच्या थोडी वर. रेस्टच्या कडेला खाचखळगे पडले असतील तर पटाशी सरकताना अडते आणि उडी मारते, कानस फिरवून सपाट करा, वरून मेणबत्ती घासा.

स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हाताने धरून वरखाली, पुढेमागे हलवून बघा. जरा जरी खट् झालं तर पिलो ब्लॉकचे ग्रब स्क्रू, म्हणजे बेअरिंग दांड्यावर आवळणारे छोटे स्क्रू, ढिले आहेत किंवा बेअरिंग गेलं.

स्पीडबद्दल दोन गोष्टी. साध्या फोर पोल मोटरला १४४० आरपीएम मिळतात, पुली सारख्या असतील तर स्पिंडलला पण तेवढेच. दोन इंची लाकूड गोल करताना ८०० ते १००० ठीक, गोल झाल्यावर १५०० ते २००० ला काप सुंदर येतो. नवीन माणूस घाबरून सगळं काम ५००-६०० वर करतो, मग प्रत्येक फेऱ्याला धार जास्त लाकूड खाते आणि झटक्याला आमंत्रण. म्हणजे कमी स्पीड म्हणजे सेफ हे लाटण्याच्या बाबतीत खरं नाही, मोठ्या वाकड्या ओंडक्याच्या बाबतीत मात्र शंभर टक्के खरं. दुसरं व्होल्टेज. मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, २३० च्या जागी १८० आले की ताकद साधारण ६० टक्क्यांवर. मोटर दबते, माणूस रेटतो. सगळ्यांचे पंप चालू असतात त्या वेळेला बारीक काम काढू नका, तेव्हा धार लावत बसा.

धारेवरून आठवलं, जुन्या कानशीला घासून केलेली पटाशी वापरत असाल तर ती आजच बाजूला ठेवा. गावोगाव ही पद्धत आहे आणि धार लागते पण झकास, पण कानस कडक आणि ठिसूळ असते, जोरदार झटक्यात ती वाकत नाही, तुटते, आणि तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. गाडीच्या पाट्याच्या पोलादाची लोहाराकडून केलेली परवडली. एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची घेता आली तर सगळ्यात बरी, ग्राइंडरवर तापली तरी तिचं पाणी उतरत नाही, साध्या पोलादाची निळी पडली की तेवढा भाग मेला. धार गेली आहे का हे बघायला पटाशी उजेडात धरा, धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसली म्हणजे बोथट. आणि बेव्हल एका सपाट उताराचा पाहिजे. ग्राइंडरवर हात हलून त्याला दोन-तीन पैलू पडले की घासतो भलताच पैलू आणि धार राहते हवेत, मग माणूस मूठ उचलत जातो आणि धार एकदम घुसते.

लाकडाचं म्हणाल तर साग आपल्याकडे मिळतो, कातायला चांगला, पण त्यात सिलिका असते, धार पटापट जाते. बाभूळ आणि निंब दोघांचे रेषे, म्हणजे लाकडाचे तंतू, एकमेकांत गुंतलेले, एका बाजूने गुळगुळीत कापलं की शेजारीच उपटतं. अंजन हे सातपुड्याच्या बाजूचं लाकूड, यावलकडे जंगलात भरपूर, पण इतकं जड आणि टणक की शिकायच्या वेळी नादी लागू नका. शिकायला ओली सुबाभूळ, आणि वखारीत हळदू मिळाला तर सोडू नका, रेषा बारीक आणि एकसारखी. शिसव पण छान पण त्याची धूळ काहींच्या अंगावर उठते, मास्क लावा.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मे मधे पत्र्याच्या शेडमध्ये ४४-४५ अंशाला सकाळी लावलेलं ओलं लाकूड दुपारपर्यंत टोकाला सुकतं, आकसतं आणि सेंटरमध्ये ढिलं होतं. लाकूड सेंटरवर डगमगलं की बेव्हल कितीही नीट धरा, झटका बसणारच. दर थोड्या वेळाने मशीन बंद करून टेलस्टॉक तपासायचा. पटाशीची लाकडी मूठ पण अशीच सुकते, फेरूल, म्हणजे मुठीच्या तोंडाची धातूची कडी, हातात फिरायला लागते, ती मे महिन्यात एकदा बघून घ्या. आणि उन्हाचा तोंडाला बांधलेला बागायतदार रुमाल मशीनजवळ येण्याआधी सोडून खुंटीला लावायचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत, हातमोजे अजिबात नाही, तोंडावर फेस शील्ड. यात चर्चा नाही.

वाडग्याचं थोडक्यात. वाडग्यात रेषा आडवी असल्याने एका फेऱ्यात दोनदा धारेसमोर रेषांची कापलेली टोकं येतात आणि दोनदा रेषांची बाजू, त्यामुळे जोर सारखा बदलतो. गाऊजची नाळ वर उघडी ठेवली की वरचा पंख, म्हणजे धारेची वरची बाजू, लाकडाला शिवतो आणि तिथेच झटका, म्हणून नाळ कापायच्या दिशेला साधारण ४५ अंशात झुकवून ठेवायची. आतल्या कडेवर शिरताना घसरत असेल तर आधी पार्टिंगने, म्हणजे अरुंद सरळ पटाशीने, एक बारीक खाच पाडून घ्या. लांब कामाचा जो मोठा रफिंग गाऊज असतो तो वाडग्याला कधीच लावू नका, त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते आणि तिथेच तुटतो.

पहिलं काम म्हणून लाटणं का घेतात ते मला समजतं, घरात दाखवायला बरं. मांडे हातावर होत असले तरी रोजच्या पोळीला लाटणं लागतंच. पण शिकायला ते सगळ्यात चुकीचं काम, लांब, बारीक आणि दोन्हीकडे गळे. त्यापेक्षा भरीत ठेचायचा दांडा करा. फूटभर लांब, दोन-सव्वादोन इंच जाड, एका टोकाला हलका फुगवटा. थरथर नाही, गळा एकच, आणि एखादा खड्डा पडला तरी पाव इंच उतरवून परत गुळगुळीत करायला अंगात लाकूड शिल्लक असतं. तसले चार-पाच झाले की मग लाटण्याला हात घाला.

झटका बसून गेलेल्या लाटण्याचं काय करायचं हे पण विचारतात. आधी सेंटरमधून काढून वाकवून, ठोकून बघा, आवाज फुटका आला किंवा रेषेत बारीक तडा दिसला तर चुलीत घाला, फेव्हिकॉल, फेविक्विक करून परत फिरवू नका, फिरताना दोन तुकडे होतात. तडा नसेल तर खड्ड्याच्या खोलीएवढं सगळीकडून उतरवा. एक इंचाच्या खाली जात असेल तर लाटणं म्हणून ते गेलं, त्याचा ताकाच्या रवीचा दांडा मस्त होतो, फक्त खालच्या फुलासाठी वेगळा तुकडा कातावा लागेल, आणि तो छोटा, जाड तुकडा असल्याने तिथे स्क्यूचा सराव पण होऊन जातो.